बोलतोय कोण? उपहासाचं साहित्य पहिल्यांदा वाचणाऱ्यांसाठी

१७०२ सालच्या डिसेंबरात लंडनमध्ये एक निनावी पत्रक निघालं. राजमान्य चर्चपासून फटकून राहणाऱ्या पंथीयांचा बंदोबस्त कसा करावा, हा त्याचा विषय. उपाय सुटसुटीत होता: त्यांचे उपदेशक फासावर चढवा आणि त्यांच्या सभांना जाणाऱ्यांना देशाबाहेर घालवा. त्या चर्चच्या कडव्या मंडळींपैकी काहींनी पत्रकाचं मनापासून स्वागत केलं. मग लेखकाचं नाव फुटलं. डॅनिएल डीफो. हा गृहस्थ स्वतःच त्या पंथीयांपैकी होता आणि त्याने कडव्यांचीच भाषा थोडी ताणून लिहिली होती. स्वागत करणारे तोंडघशी पडले, ज्यांची बाजू घेतली तेही बिथरले आणि सरकारने खटला भरला. जुलै १७०३ मध्ये डीफोला तीन दिवस भर रस्त्यात खोड्यात उभं केलं गेलं.

नवख्या वाचकाला मी हा किस्सा सगळ्यात आधी सांगतो. यात चांगले शिकलेसवरलेले लोक फसले, आणि सगळे एकाच जागी फसले. कागदावर जो बोलतोय तोच लिहिणारा, असं त्यांनी धरून टाकलं. उपहासात हे दोघे बहुतेक वेळा वेगळे असतात. त्यांच्यातलं अंतर डोळ्यांना दिसायला लागलं की दोन हजार वर्षांपूर्वीचा रोमन कवीही परका वाटत नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या अंतराकडेच नेतात.

पायरी १: शब्दांची गल्लत सोडवा

विनोद, उपरोध, विडंबन, उपहास हे शब्द आपण एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो. कामापुरती विभागणी अशी करता येईल. उपरोध हे वाक्याचं हत्यार आहे: म्हणायचं एक, सुचवायचं उलट. विडंबन ही नक्कल आहे, एखाद्याची शैली उचलून ती भलत्याच विषयावर चढवायची. उपहास ही अख्ख्या कलाकृतीची भूमिका असते. तिला कुणाचा तरी दोष उघडा पाडायचा असतो, आणि त्यासाठी ती उपरोध, विडंबन, अतिशयोक्ती असं हाताला येईल ते वापरते. विनोदाला मात्र लक्ष्य लागतंच असं नाही. हसून विषय संपला तर तो निव्वळ विनोद. हसल्यावर कुठेतरी बोचत राहिलं तर बहुधा उपहास.

आणखी एक जोडी वेगळी ठेवा. 'व्यंग' म्हणजे उणीव, दोष. 'व्यंग्य' हा संस्कृत काव्यशास्त्रातला शब्द. शब्दाच्या सरळ अर्थापलीकडे व्यंजनेने जो सुचतो तो व्यंग्यार्थ. हिंदीने या साहित्यप्रकाराला 'व्यंग्य' हेच नाव दिलं, आणि मला ते फार अचूक वाटतं, कारण इथला खरा अर्थ कधीच छापलेल्या ओळीत नसतो. 'लेकी बोले सुने लागे' ही म्हण ज्याला कळते, त्याला व्यंजना वेगळी शिकवावी लागत नाही.

'सटायर' या शब्दाचीही एक गंमत आहे. तो लॅटिन 'सातुरा'वरून आला. अर्थ भरलेलं, मिसळलेलं ताट. पण युरोपात बराच काळ लोक समजत होते की तो ग्रीक कथांमधल्या अर्ध्या बोकडाच्या रूपातल्या 'सॅटर'वरून आला आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज कवी आपल्या उपहासकविता मुद्दाम खडबडीत आणि शिवराळ लिहीत, त्यामागे हा गैरसमजही होता. इझाक कासोबाँ या विद्वानाने १६०५ मध्ये तो खोडून काढला. चुकीच्या व्युत्पत्तीने एका पिढीची शैली ठरवावी, हाच एक उपहासाचा विषय झाला असता.

पायरी २: हातात पेन्सिल घ्या आणि बोलणाऱ्याला पकडा

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. सरावासाठी जोनाथन स्विफ्टचा १७२९ मधला 'अ मॉडेस्ट प्रपोजल' घ्या. लहान निबंध आहे, एका बैठकीत होतो. त्यातला बोलणारा सभ्य, हिशेबी आणि लोककल्याणाची तळमळ असलेला माणूस आहे. आयर्लंडमधल्या गरिबीवर तो उपाय सुचवतो: गरिबांची वर्षभराची मुलं श्रीमंतांच्या जेवणासाठी विकावीत. तो आकडेही मांडतो. गरिबाघरी वर्षाला १,२०,००० मुलं जन्मतात, त्यांपैकी २०,००० पैदाशीसाठी राखावीत, उरलेली १,००,००० विकावीत.

वाचताना तीन जागी खूण करा.

एक, बोलणारा स्वतःची तारीफ करतो ती जागा. आपल्याला यात काडीचा स्वार्थ नाही, असं तो शेवटी आवर्जून सांगतो. उपहासातला माणूस आपल्या निःस्वार्थीपणाची ग्वाही द्यायला लागला की सावध व्हा.

दोन, भाषा आणि विषय यांचा मेळ तुटतो ती जागा. मुलांबद्दल बोलताना तो गुराढोरांच्या बाजारातले शब्द वापरतो. शब्द थंड, विषय भयंकर. लेखक या फटीतून डोकावतो.

तीन, आणि ही खूण बहुतेक जण चुकवतात: बोलणारा वैतागून काय नाकारतो ते बघा. निबंधाच्या शेवटाकडे तो म्हणतो, मला दुसरे उपाय सांगू नका, आणि तेच दुसरे उपाय यादीसारखे मोजून दाखवतो. देशाबाहेर राहून इथली कमाई उडवणाऱ्या जमीनदारांवर कर बसवा, देशात तयार झालेलाच माल वापरा, जमीनदारांना कुळांबद्दल थोडी दया शिकवा. स्विफ्टने हे उपाय आधी खरोखरच मांडले होते. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नव्हतं. म्हणजे लेखकाचं खरं मत निबंधात अक्षरशः छापलेलं आहे, फक्त ते नाकारणाऱ्याच्या तोंडी घातलं आहे.

आता हीच पेन्सिल घेऊन एकनाथांच्या भारुडांकडे या. सासरच्या एकेका माणसाचा निकाल लाव म्हणून भवानीला नवस बोलणारी ती बाई आठवा. सगळे जाऊ देत, मला एकटीला राहू दे, इथपर्यंत तिचं मागणं जातं. ऐकणारे खदखदून हसतात. पण बोलणारी ती आहे, रचणारे नाथ आहेत. संसाराची गाणी गाता गाता रूपक अध्यात्माकडे वळतं आणि देवीकडे असलं काही मागणाऱ्या भक्तीलाही जाता जाता चिमटा बसतो. सोळाव्या शतकात नाथांनी जोशी, वासुदेव, भूत, विंचू लागलेला माणूस असे कितीतरी आवाज घेतले. दुसऱ्याच्या तोंडून बोलायची ही तालीम मराठीत इतकी जुनी आहे.

अंतर कधी उलट्या बाजूनेही पडतं. रोमन कवी होरेस आपल्या एका उपहासकवितेत स्वतःच्याच गुलामाला बोलू देतो. सण आहे, त्या दिवसापुरती गुलामाला मोकळीक आहे. तो गुलाम मालकाला तोंडावर सांगतो: तू तुझ्या वासनांचा, लहरींचा, मोठ्या लोकांच्या आमंत्रणांचा गुलाम आहेस, माझ्यापेक्षा वेगळा कसा? इथे लेखक स्वतःच लक्ष्य झाला आहे. इरॅस्मसने १५११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'मूर्खपणाची स्तुती' या ग्रंथात तर खुद्द मूर्खपणाच व्यासपीठावर उभा राहून स्वतःचं कौतुक करतो. मूर्खपणाचं म्हणणं खरं मानायचं की नाही? मानलं तर आपण मूर्ख. नाही मानलं, तर त्याने धर्माधिकाऱ्यांबद्दल जे बोचरं सांगितलं तेही सोडून द्यावं लागतं. इरॅस्मस वाचकाला असा कात्रीत धरतो.

पायरी ३: रोख कुणावर आहे ते एका वाक्यात लिहा

वाचून झाल्यावर कागदावर एकच वाक्य लिहायचं: हे अमक्याच्या तमक्या दोषावर आहे. वाक्य जमत नसेल तर पुन्हा वाचा.

लक्ष्य कधी एक जिवंत माणूस असतो. अथेन्सच्या ॲरिस्टोफेनीसने इसवी सन पूर्व ४२४ मध्ये सत्तेच्या शिखरावर असलेल्या क्लेऑनवर नाटक लिहिलं आणि पहिलं बक्षीस मिळवलं. पुढच्याच वर्षी दुसऱ्या नाटकात त्याने तत्त्वज्ञ सॉक्रेटिसला टोपलीत बसवून हवेत लटकावलं. ते नाटक स्पर्धेत मागे पडलं, पण त्यातलं चित्र लोकांच्या मनात राहिलं. चोवीस वर्षांनी खटल्यात उभा असलेला सॉक्रेटिस, प्लेटोच्या सांगण्यानुसार, त्या नाटकाचा उल्लेख करतो: तुमच्या मनात माझ्याबद्दलचं किल्मिष तिथून आलं आहे. उपहास नेहमी न्यायाच्या बाजूने असतो, असं कुणी म्हणालं की मला ही टोपली आठवते.

कधी लक्ष्य अख्खा व्यवसाय असतो. अकराव्या शतकातल्या काश्मीरमध्ये क्षेमेंद्राने 'नर्ममाला'त कागदपत्रं सांभाळणाऱ्या लाचखाऊ कारकुनांचे वाभाडे काढले. 'देशोपदेशा'त त्याने कंजूष, दुर्जन, कुंटणी, परगावाहून शिकायला आलेला विद्यार्थी असे एकेक नमुने मांडले. संस्कृत म्हणजे फक्त देवादिकांचं आणि राजांचं, असा समज असेल तर क्षेमेंद्र अवश्य वाचा. समर्थ रामदासांच्या 'दासबोधा'तली मूर्खलक्षणं याच नमुने मांडण्याच्या वाटेवरची. प्रत्येक लक्षणाच्या शेवटी येणारं 'तो येक मूर्ख' हे पालुपद ऐकणाऱ्याला हळूच आपल्याकडे बोट दाखवायला लावतं. पुढे 'पढतमूर्ख' वेगळा काढून त्यांनी शिकलेल्यांचीही सुटका होऊ दिली नाही. मूळ हेतू उपदेशाचाच आहे, पण शालजोडीतला कसा हाणावा ते इथे शिकता येतं.

आणि कधी लक्ष्य वाचणाराच असतो. स्विफ्टनेच म्हटलं आहे की उपहास हा असा आरसा आहे, ज्यात बघणाऱ्याला स्वतःचा सोडून बाकी सगळ्यांचा चेहरा दिसतो. गोगोलने 'इन्स्पेक्टर जनरल' या नाटकाच्या नंतरच्या आवृत्तीला 'तोंड वाकडं असेल तर आरशाला दोष देऊ नये' या अर्थाची रशियन म्हण जोडली. त्यात शेवटी नगरप्रमुख प्रेक्षकांकडे वळून विचारतो, हसताय कुणाला? स्वतःलाच हसताय. चिनी लेखक लू शूनची 'आ क्यू' ही कथा १९२१-२२ मध्ये क्रमशः येत होती, तेव्हा हे आपल्यावरच लिहिलं आहे अशी धास्ती काही वाचकांनी घेतली होती. मार खाऊनही मनातल्या मनात जिंकणारा तो आ क्यू. धास्ती घेणाऱ्यांचं अगदीच चुकलं नव्हतं.

रोख दुबळ्यांवर असेल तर तसं स्पष्ट लिहा. रोमन कवी ज्युवेनलची सहावी कविता स्त्रियांवर तोंडसुख घेते, तिसरीत रोममध्ये आलेल्या ग्रीकांवर आग पाखडली आहे. तिसरीत बोलणारा मात्र उम्ब्रिसियस नावाचा वैतागलेला माणूस आहे, त्यामुळे कवी त्याच्या बरोबर आहे की त्यालाही हसतो आहे, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. अभिजात म्हणून सगळं पदरात पाडून घ्यायची गरज नाही.

पायरी ४: स्वभाव ओळखा

याला फार वेळ लागत नाही. होरेसचा उपहास हसतमुख असतो: हसत हसत खरं सांगायला कुणाची हरकत, हा त्याचा पवित्रा. ज्युवेनल संतापलेला: अशा काळात उपहास न लिहिणंच अवघड, असं तो सुरुवातीलाच म्हणतो. तिसरा स्वभाव गदारा गावच्या मेनिपस या प्राचीन ग्रीक लेखकाचा. त्याचं स्वतःचं लेखन नष्ट झालं, नाव तेवढं प्रकाराला चिकटलं. इथे रोख माणसांपेक्षा कल्पनांवर, तत्त्वज्ञानांवर असतो आणि गद्य-पद्य, संवाद, प्रवास सगळं एकत्र कालवलेलं असतं. व्होल्तेअरचं १७५९ मधलं 'कांदीद' याच जातीचं: हे जग शक्य तेवढ्या जगांत सर्वोत्तम आहे, असं मानणाऱ्या गुरूला १७५५ च्या लिस्बन भूकंपासकट जगातल्या एकेका आपत्तीतून फरफटत न्यायचं आणि तरी त्याला मत बदलू द्यायचं नाही.

पायरी ५: रूपं ओळखायला शिका

प्रत्येक रूप म्हणजे बोलणारा आणि लिहिणारा यांच्यात अंतर पाडायची एक युक्ती. इतकं धरलंत तर पाठांतर करावं लागत नाही.

क्षुद्र गोष्टीला महाकाव्याचा थाट चढवला की खोटं महाकाव्य होतं. अलेक्झांडर पोपने एका तरुणीची बट कापल्यावरून दोन घराण्यांत झालेल्या भांडणावर १७१२ मध्ये असं काव्य लिहिलं, १७१४ मध्ये वाढवलं आणि त्यात देवदूतांच्या धर्तीवर हवेतले जीवही आणले.

विडंबनाचा मराठी नमुना हवा तर आचार्य अत्र्यांनी 'केशवकुमार' या नावाने लिहिलेली 'झेंडूची फुले' (१९२५). एक ताकीद: मूळ कविता शेजारी ठेवूनच वाचा. नाहीतर नुसतं यमक हसवतं आणि रविकिरण मंडळ या कवींच्या गटाच्या वळणाला घेतलेला चिमटा हुकतो.

व्याजस्तुती म्हणजे स्तुतीच्या मिषाने निंदा. इरॅस्मस वर आलाच आहे. आपल्या अलंकारशास्त्राने या युक्तीला फार पूर्वीच नाव देऊन ठेवलं होतं. अन्योक्तीत बोलायचं पशुपक्ष्यांबद्दल आणि लागायचं माणसांना. ऑर्वेलचं 'ॲनिमल फार्म' (१९४५) या घराण्यातलं. सोव्हिएत संघ तेव्हा युद्धातला मित्र होता, म्हणून ते आधी अनेक प्रकाशकांनी नाकारलं. डुकरं कुणासाठी आहेत हे सगळ्यांना कळलं होतं. जपानी लेखक सोसेकीने १९०५ मध्ये एका बिननावाच्या मांजराला निवेदक केलं आणि शिकलेल्या मालकाची फजिती त्याच्या डोळ्यांनी दाखवली.

कल्पित प्रवास लुशियनपासून चालत आला आहे. दुसऱ्या शतकातल्या या लेखकाने चंद्रावरच्या सफरीची 'सत्यकथा' लिहिली आणि सुरुवातीलाच कबूल केलं की मी खोटं बोलतोय, एवढंच यातलं खरं आहे. 'गलिव्हर' (१७२६) त्याच्याच वंशातला. लहानपणी संक्षिप्त आवृत्ती वाचली असेल तर तुम्ही गलिव्हर वाचलेलाच नाही असं समजा. दोरीवर नाचून दाखवणाऱ्याला मंत्रिपद देणारा दरबार आणि अंडं कुठल्या टोकाने फोडावं यावरून पेटलेलं युद्ध पूर्ण आवृत्तीत वाचा.

आणि प्रहसन. पल्लव राजा पहिला महेंद्रवर्मन याने सातव्या शतकाच्या पूर्वार्धात 'मत्तविलास' लिहिलं. दारूच्या नशेत एका कापालिकाचं, म्हणजे कवटी बाळगणाऱ्या शैव साधूचं, कवटीचं भिक्षापात्र हरवतं. तो बौद्ध भिक्षूवर चोरीचा आळ घेतो, मध्यस्थीला दुसऱ्या शैव पंथाचा पाशुपत येतो, वैराग्याच्या गोष्टी सांगणारे सगळे एका भांड्यासाठी हमरीतुमरीवर येतात. पात्र नेलेलं असतं कुत्र्याने. राज्य करणारा माणूस आपल्या राजधानीतल्या धर्मपंथांची अशी टोपी उडवतो आणि कुणाची बाजूही घेत नाही. माझ्या मते जगातल्या कुठल्याही यादीत हे छोटं नाटक वर असावं.

पायरी ६: मुखवटा का लागला ते विचारा

रूपं केवळ हौसेने घडत नाहीत. ज्युवेनल पहिल्याच कवितेत जाहीर करतो की तो फक्त मेलेल्यांबद्दल बोलणार, ज्यांची राख रस्त्याकडेच्या थडग्यांत आहे त्यांच्याबद्दल. जिवंतांना नावं ठेवणं परवडणारं नव्हतं. १ जून १५९९ रोजी इंग्लंडमधल्या दोन बिशपांनी उपहासकविता छापायलाच बंदी घातली आणि काही पुस्तकं जाळली गेली. १७३७ मध्ये तिथे नाटकांवर परवान्याचा कायदा आला. हेन्री फील्डिंगची सरकारला झोंबणारी नाटकं थांबली, तो वकिली शिकला आणि मग कादंबरीकडे वळला. कायद्याने एक नाटककार गमावला आणि वाचकांना एक कादंबरीकार मिळाला. भारतात १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा येण्यामागे कलकत्त्याच्या रंगभूमीवरचं एक प्रहसन होतं. इंग्लंडच्या युवराजाला आपल्या घरातल्या अंतःपुरात नेणाऱ्या एका वकिलाची त्यात खिल्ली उडवली होती.

म्हणून एखादी कलाकृती फारच आडवळणाने बोलते आहे असं वाटलं, तर ती कुठल्या साली आणि कुणाच्या राज्यात लिहिली गेली ते आधी बघा.

पायरी ७: कशाने सुरुवात करावी

आधी लहान, मग मोठं. स्विफ्टचा निबंध, 'मत्तविलास', एखादं भारुड, 'झेंडूची फुले'तल्या दोन कविता. नंतर 'सुदाम्याचे पोहे'. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचा सुदामा, बंडूनाना आणि पांडुतात्या रूढींवर प्रश्न विचारत नाहीत, त्या इतक्या मनोभावे पाळतात की पोकळपणा आपोआप बाहेर येतो. कोल्हटकरांना गुरू मानणाऱ्या गडकऱ्यांचा 'बाळकराम' त्याच्या पाठोपाठ घ्या. मग 'कांदीद', 'गलिव्हर', आणि श्रीलाल शुक्ल यांची 'राग दरबारी' (१९६८), शक्यतो हिंदीतूनच.

टिपा किती वाचायच्या? पहिल्या वाचनात अजिबात नाही. हसू आलं तिथे खूण करा, कळलं नाही तिथे प्रश्नचिन्ह टाका, मग दुसऱ्या वाचनात फक्त प्रश्नचिन्हांपुरत्या टिपा बघा. क्लेऑन कोण होता हे कळायला दोन ओळी पुरतात. लोकांना लोणी लावणारा पुढारी ओळखायला टीपच लागत नाही.

पायरी ८: अर्धं पान लिहून बघा

ही पायरी टाळू नका. लिहिल्याशिवाय अंतर कसं राखलं जातं ते कळत नाही. तुम्हाला मनापासून चीड आणणारं एक मत निवडा. ते मत मानणाऱ्या, स्वभावाने चांगल्या, नीटनेटक्या माणसाच्या तोंडून अर्धं पान लिहा. त्याला मूर्ख करू नका, खलनायक तर मुळीच करू नका. त्याला कारणं द्या, एखादा हिशेब द्या, थोडा विनय द्या. त्याचं मत फक्त एक पाऊल पुढे न्या. शेवटी त्याला एक समंजस उपाय झटकून टाकू द्या.

मग ते पान, काहीही न सांगता, तेच मत खरोखर मानणाऱ्या कुणाला तरी वाचायला द्या. त्याने मान डोलावली तर एक पाऊल कमी पडलं, डीफोसारखं. पहिल्याच ओळीला भडकला तर दोन पावलं जास्त झाली. अर्ध्या पानापर्यंत मान डोलावत आला आणि मग थांबून पुन्हा वरून वाचायला लागला, तर ते पान जपून ठेवा.